विद्युत्‌चुंबकीय व्यत्यय व अनुरूपता (संगणकीय उपकरणे)

संगणक, मॉनिटर, प्रिंटर आणि त्यांच्या केबलींतून नकळत बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींनी दुसऱ्या यंत्राच्या कामात आणलेला अडथळा म्हणजे विद्युत्‌चुंबकीय व्यत्यय. शेजारच्या यंत्रांना असा त्रास न देता, आणि बाहेरून येणारा सोसूनही, उपकरणाने नीट चालणे ही त्याची अनुरूपता होय.

उगम व उपाय : प्रोसेसरमधले विद्युत्‌स्पंद अतिशय वेगाने चढतात-उतरतात. अशा चौकोनी स्पंदात मूळ कंप्रतेबरोबरच तिच्या पटीतल्या कंप्रताही दडलेल्या असतात. एसएमपीएस या वीजपुरवठा घटकाचे स्विचिंग त्यात भर घालते आणि केबल अँटेनाचे काम करू लागते. धातूचे आवरण, वीजमार्गातले फिल्टर, केबलवरचा फेराइटचा गट्टू आणि सर्किट बोर्डातला सलग ग्राउंडचा थर हे नेहमीचे इलाज.

नियमन : रेडिओ व्यत्ययावरील आंतरराष्ट्रीय समिती ‘सिस्पर’ 1934 साली स्थापन झाली. घरगुती संगणक आले आणि रेडिओ-टीव्हीवर खरखर वाढली. म्हणून अमेरिकेच्या दळणवळण नियामक एफसीसीने 1979 मध्ये संगणकांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवल्या. त्यांत न बसणाऱ्या टीआरएस-80 मॉडेल 1 या संगणकाचे उत्पादन 1981 मध्ये थांबले. युरोपात अनुरूपता 1996 पासून सक्तीची झाली. ‘सिस्पर 32’ या आजच्या मानकात घरगुती वापराच्या ‘बी’ वर्गाची मर्यादा ‘ए’ वर्गापेक्षा कडक आहे.

खोडदचे उदाहरण : पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणे हा महत्त्वाचा निकष होता, कारण तिचे काम मीटरभर लांबीच्या लहरींवर चालते आणि संगणकही नेमक्या त्याच पट्ट्यात गळतात.

‘बी’ वर्गात 230 मेगाहर्ट्‌झखाली 10 मीटरवर मीटरमागे सुमारे 32 मायक्रोव्होल्ट क्षेत्र चालते. ही गळती जेमतेम 3 नॅनोवॉटची. तरीही ती मोजणीच्या 120 किलोहर्ट्‌झ पट्ट्यात पसरली आहे असे धरले, तर मोकळ्या जागेत किलोमीटरभरावर तिची तीव्रता दोन लाख जान्स्कींच्या (रेडिओ खगोलशास्त्रातले तीव्रतेचे एकक) घरात भरते. आकाशातले कित्येक रेडिओ स्रोत मिलिजान्स्कीत मोजावे लागतात. म्हणजे नियमात बसणारा संगणकही दुर्बिणीच्या दृष्टीने प्रखर दिवाच.

म्हणून जीएमआरटीने आपल्याच संगणनयंत्रणेलाही धातूने परिरक्षित केलेल्या खोल्यांत ठेवले आहे. इथे अनुरूपतेचा प्रश्न संगणकापाशी थांबत नाही. पुणे–नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वेचा आधी आखलेला मार्ग दुर्बिणीच्या परिसरातून जात असल्याने, व्यत्यय टाळण्यासाठी रेल्वे मंत्रालयाला तो बाजूला ठेवून पर्यायी मार्ग शोधावा लागला.