नावं लिहून ठेवणारी पुस्तकं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी अम्मी शिलाईचं काम करायची. ब्लाउज, परकर, लहान पोरांची झबली, आणि ईदेच्या आधी काज-बटणांचा ढीग. सोलापुरातल्या आमच्या दीड खोलीच्या घरात तिचं मशीन खिडकीपाशी असायचं आणि मशीनखाली पत्र्याचा एक डबा. कापून उरलेली कतरण त्या डब्यात जायची. डबा भरला की दादी त्यातून वाकळ शिवायला घ्यायची. अब्बांना बिडीची सवय होती. पण मशीन चालू असेल तर बिडी ओढायला त्यांना अंगणात जावं लागे. अम्मीचा तो नियम होता आणि चिडले तरी अब्बा तो मोडत नसत.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना लिऑन स्टाइन यांचं ‘द ट्रँगल फायर’ हे पुस्तक हाती लागलं. मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याचा अधिकार मला नाही. शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तक वाचायला लागलो आणि त्यात मला आमच्या घरातला तो कतरणीचा डबा भेटला.

न्यूयॉर्क शहर, शनिवार, २५ मार्च १९११. ग्रीन स्ट्रीट आणि वॉशिंग्टन प्लेस यांच्या कोपऱ्यावरच्या दहा मजली इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल वेस्ट कंपनीचा कारखाना होता. तिथे बायकांचे ब्लाउज शिवले जात. सुमारे पाचशे कामगार. बहुतेक मुली रशिया आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू, नाहीतर इटालियन. संध्याकाळचे पावणेपाच होत आले होते, सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर कापड कापायच्या टेबलाखाली कतरणीचा मोठा साठा होता. त्यात कुणाची तरी काडी किंवा सिगारेट पडली असावी. पातळ सुती कापड आणि वर टांगलेले कागदाचे नमुने. आग क्षणात पसरली.

दहाव्या मजल्यावर मालकांची कचेरी होती. तिथे टेलिफोनने खबर पोचली आणि तिथली बहुतेक माणसं गच्चीवरून बचावली. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथल्या मुली वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूच्या दाराकडे धावल्या, तर दाराला कुलूप. मुली कापड चोरून नेतील, या संशयाने सुटताना सगळ्यांना एकाच दाराने सोडून त्यांच्या पिशव्या तपासत. दुसरं दार म्हणून बंद. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने वाकून कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्याच्या आसपास संपली. लिफ्टवाल्यांनी जीव धोक्यात घालून जमतील तेवढ्या फेऱ्या केल्या. उरलेल्या कितीतरी जणींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. अर्ध्या तासाच्या आत सारं संपलं. १४६ माणसं गेली. त्यांत १२३ बायका आणि २३ पुरुष. दोन मुली तर अवघ्या चौदा वर्षांच्या.

हे वाचून मी कविता लिहिली. खिडकीतून पडणाऱ्या मुली, हवेत फुगलेले झगे, असं बरंच काही तिच्यात होतं. मित्रांना आवडली. अम्मीलाही वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि दोनच प्रश्न विचारले. “नामां क्या थे उनके? और मजुरी कित्ती मिलती थी?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. माझ्यापाशी फक्त १४६ हा आकडा होता. ती कविता मी फाडून टाकली. त्यानंतर अमेरिकेतल्या कामगारांवरची जी पुस्तकं मिळतील ती वाचू लागलो, ते या दोन प्रश्नांसाठी.

मजुरीचं उत्तर लवकर सापडलं. मशीनवर बसणाऱ्या मुलीला आठवड्याला साधारण सात ते बारा डॉलर. नवशिकीला त्याहून बरंच कमी. कंपनी मुकादमांशी हिशेब करी आणि मुकादम आपल्या हाताखालच्या मुलींना ठरवील ते देई. त्यामुळे एखाद्या दिवशी नेमके किती कामगार आत आहेत, हे कंपनीलाही धड ठाऊक नसे. नावांचा प्रश्न अवघड का झाला, त्याचं एक कारण इथेच आहे. काम करणाऱ्याचं नाव कामाच्या ठिकाणच्या वहीतच नसेल, तर ते पुढे इतिहासात कुठून येणार?

स्टाइन इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. ते कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या ‘जस्टिस’ या पत्राचे संपादक होते. स्वतः शिलाईच्या धंद्यातून आलेले. आगीतून वाचलेल्या मुली १९५०च्या दशकात साठीच्या आसपास आल्या होत्या. स्टाइन त्यांना गाठत गेले, बोलतं करत गेले, लिहून घेत गेले. १९६२ साली पुस्तक निघालं. ते काम दहा-वीस वर्षं लांबलं असतं, तर त्यांतल्या किती जणी सांगायला उरल्या असत्या?

अमेरिकेत अशी पुस्तकं लिहिणं तेव्हा सोपं नव्हतं. कामगार चळवळीचा दहा खंडांचा इतिहास लिहिणाऱ्या फिलिप फोनर यांना कम्युनिस्ट असल्याच्या ठपक्यावरून १९४१मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलेजातली नोकरी गमवावी लागली. त्यांच्या इतिहासाचा पहिला खंड त्यानंतर, १९४७ साली आला. फोनर यांच्यावर पुढे दुसऱ्यांच्या संशोधनातून उचलेगिरी केल्याचे आक्षेप आले, तेही सांगितलं पाहिजे. हॉवर्ड झिन यांचा लोकांच्या बाजूने लिहिलेला अमेरिकेचा इतिहास १९८०मध्ये आला. झिनही तरुणपणी जहाजबांधणीच्या गोदीत राबलेले होते. आणि शिकागोचे स्टड्स टर्केल तर आपल्यासारखे रेडिओचे माणूस. १९७४मध्ये आलेल्या त्यांच्या ‘वर्किंग’ या पुस्तकात वेट्रेसपासून दगडकाम करणाऱ्या गवंड्यापर्यंत माणसं स्वतःच्या तोंडाने आपल्या कामाबद्दल बोलतात.

पण माझ्या कवितेतली खरी चूक मला दाखवली ती ॲनलीस ऑर्लेक या बाईंच्या १९९५मधल्या पुस्तकाने. ‘कॉमन सेन्स अँड अ लिटल फायर’ हे त्याचं नाव. माझ्या कवितेतल्या मुली फक्त पडत होत्या. प्रत्यक्षात आगीच्या सोळा महिने आधी याच मुली लढल्या होत्या. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं चालली असताना क्लारा लेमलिच ही तेवीस वर्षांची कामगार मुलगी उठली. आता बोलणं पुरे, सार्वत्रिक संप पुकारा, असं तिने यिडिश भाषेत मांडलं. वीस हजारांहून अधिक शिलाई कामगार संपावर गेले. त्यांत बहुसंख्य मुली. पोलिसांचा मार, अटक, थंडी, सगळं त्यांनी सोसलं. काही गर्भश्रीमंत बायका त्यांच्या मदतीला आल्या, तर वर्तमानपत्रांनी त्यांना मिंकच्या कोटवाल्या बायकांची पलटण म्हटलं. फेब्रुवारी १९१०मध्ये संप मिटला. पुष्कळ कारखान्यांनी संघटनेशी करार केला. ट्रँगलने पगार वाढवला, तास कमी केले, पण संघटनेला मान्यता दिली नाही. दाराचं कुलूप कुणाच्या हातात राहणार, हे त्या नकारात ठरलं होतं.

आगीनंतर आठवड्याभराने, २ एप्रिलला, मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये सभा झाली. खाली आणि बॉक्समध्ये प्रतिष्ठित मंडळी, वर गॅलरीत कामगार. एकेकाळी टोप्या शिवणारी रोझ श्नायडरमन हलक्या आवाजात बोलली. तुमची दया आम्ही पारखून पाहिली आहे, कामगारांना कामगारांची मजबूत चळवळच वाचवील, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. सभेत शांतता पसरली. दया आणि हक्क यांतला हा फरक तिने समोर बसलेल्यांच्या तोंडावर सांगितला.

कोर्टात काय झालं? मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस या मालकांवर डिसेंबर १९११मध्ये खटला चालला. त्यांचे वकील मॅक्स स्टॉयर अतिशय हुशार. केट ऑल्टरमन या साक्षीदार मुलीला त्यांनी तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावली. शब्द तेच येतात, म्हणजे साक्ष पाठ करून घेतलेली आहे, असं ज्युरींच्या मनात भरवलं. दार बंद होतं हे मालकांना त्या क्षणी माहीत होतं, हे सिद्ध झालं नाही. दोघे सुटले. १९१४मध्ये दिवाणी दावे मिटले, ते एका जिवामागे ७५ डॉलरवर. मालकांना विम्याचे जे पैसे मिळाले, ते त्यांच्या नुकसानीपेक्षा जास्त होते.

या खटल्याची सरकारी प्रत पुढे गहाळ झाली. डेव्हिड व्हॉन ड्रेल या पत्रकाराने तिचा बराचसा भाग शोधून काढला आणि त्यावर २००३मध्ये पुस्तक लिहिलं. तो सापडला कुठे? मालकांचे वकील स्टॉयर यांनी जपलेल्या, वकिलांच्या ग्रंथालयात ठेवलेल्या कागदपत्रांत. ज्याने त्या मुलींना खोटं ठरवलं, त्याच्याच दप्तरात त्यांचे शब्द टिकले होते. व्हॉन ड्रेल यांनी पुस्तकाच्या शेवटी मृतांची यादी दिली. तिच्यात १४० नावं होती. सहाजण अजून बेनाव होते.

त्या आगीने काही बदललं, हेही खरं. राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. रस्त्यावरून ती आग पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. पण कुलूप कायद्याने एका देशात उघडलं, तरी धंदा दुसऱ्या देशात जातो. २०१२मध्ये कराचीत आणि ढाक्याजवळ कपड्यांच्या कारखान्यांना आगी लागल्या. कराचीत अडीचशेहून अधिक आणि ढाक्याजवळ शंभराहून अधिक माणसं गेली. बंद दारांच्या हकिगती दोन्हीकडे होत्या.

त्या सहा नावांचं काय झालं, ते सांगून थांबतो. मायकेल हर्श या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं, त्यांत यिडिश आणि इटालियनही, सरकारी दाखले आणि कबरस्तानच्या नोंदी वर्षानुवर्षं चाळल्या. २०११मध्ये, आगीला शंभर वर्षं होताना, नावं पुढे आली. मॅक्स फ्लोरिन. डोरा इव्हान्स. फॅनी रोझेन. जोसेफीन काम्माराता. मारिया जुसेप्पा लाउलेत्ती. कॉन्चेत्ता प्रेस्तिफिलिप्पो. न्यूयॉर्कमध्ये २००४पासून दर २५ मार्चला लोक खडू घेऊन निघतात आणि मृतांच्या राहत्या घरांसमोरच्या फुटपाथवर त्यांची नावं लिहितात. पावसाने ती पुसली जातात, पुढच्या वर्षी पुन्हा लिहितात. ऑक्टोबर २०२३पासून त्या इमारतीवरच पोलादी स्मारक आहे. १४६ नावं त्यात कापून कोरली आहेत.

अम्मी आता नाही. ती सहा नावं तिला सांगायची राहून गेली. मात्र तिच्या प्रश्नांनी मला एक सवय लावली. आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या, चादरी विणणाऱ्या, शिलाईवर डोळे घालवलेल्या बायका घरोघरी आहेत. मी त्यांच्यापाशी बसतो आणि वहीत लिहून घेतो: नाव, काम, मजुरी, कामाची जागा, आणि तिथलं दार कुठे उघडत होतं ते. कविता मागाहून येईल, न आली तरी चालेल. श्रोतेहो, तुमच्याही घरात असं कुणी असेल. आज रविवार आहे. त्यांच्याजवळ जरा बसा आणि विचारा.