वाडीतलं तळं : कोणतं झाड ठेवायचं, कोणतं उपटायचं?

कळमना (जि. नागपूर) : घरामागच्या वाडीतलं सिमेंटचं टाकं असो, खड्ड्यात कागद अंथरून केलेलं लहान तळं असो नाही तर शेतातली बोडी असो, पाणी साचून राहिलं की त्यात काही ना काही उगवतंच. काही आपण लावतो, बरंचसं आपोआप येतं. बगळ्याच्या पायाला चिकटून येतं, मत्स्यबीजाच्या पिशवीतून येतं, नाल्याच्या पुरासोबत येतं. यातलं कामाचं कोणतं आणि तळं खाऊन टाकणारं कोणतं, हे ते लहान असतानाच ओळखता आलं पाहिजे. वाढल्यावर ओळखून फायदा नाही, मग मजूर लावावे लागतात.

पहिला नंबर जलपर्णीचा. कोणी जलकुंभी म्हणतं, कोणी इकॉर्निया. पान गोल, चकचकीत, हिरवंगार. पानाच्या देठाला फुगा असतो, तो दाबला की आत स्पंजसारखं लागतं. फूल जांभळं आणि वरच्या एका पाकळीवर पिवळा ठिपका. दिसायला इतकी सुंदर की लोक हौसेनं घरी आणतात. मुळात ही दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठीच जगभर नेली गेली. आपल्याकडच्या गरम हवेत आणि घाणपाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. हिशेब करून पाहा : जूनच्या शेवटी दहा रोपं टाकली आणि जागा मिळाली, तर सोळा आठवड्यांनी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, अडीच हजाराच्या वर जातात. नागपूरच्या अंबाझरी तलावावर हिनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि पुढं गोसेखुर्दच्या जलाशयात जातं. त्या वाटेवर भंडाऱ्याजवळ वैनगंगेचं पात्रही जलपर्णीनं हिरवं होतं. म्हणजे झाड एकटं दोषी नाही, पाण्यातली घाण हे तिचं खत आहे. आपल्या बोडीत शेतातला युरिया, डीएपी वाहून येत असेल तर तेच होणार.

तिच्यासारखंच पाण्यावर तरंगणारं दुसरं झाड म्हणजे पाणकोबी. कोबीचा लहान गड्डा उघडून ठेवावा तसं दिसतं, पानं मखमली आणि पाणी न धरणारी. फूल दिसतही नाही. ही पण ठेवायची नाही.

बेशरम तर सगळ्यांच्या ओळखीची. धुऱ्यावर, बोडीच्या पाळीवर पुरुषभर उंच वाढते, फूल फिकट जांभळं, कर्ण्यासारखं. बकऱ्यांना विषारी. फांदी तोडून फेकली तरी जिथं पडली तिथं मूळ धरते. पण हिच्याच कुळातली एक भाजी आपण खातो, नाळीची भाजी. इथं नवख्या माणसाचा घोळ होऊ शकतो, कारण फुलं एकसारखी. फरक असा : नाळी पाण्यावर, चिखलावर पसरत जाते, देठ कोवळा आणि पोकळ, पान लांबट. बेशरम उभी राहते, खोड लाकडासारखं कडक होतं, पान मोठं आणि हृदयाच्या आकाराचं. शंका असली तर भाजी तोडू नका. आणि नाल्याच्या, गटाराच्या कडेची नाळी तर ओळखीची असली तरी खाऊ नका. ही वनस्पती पाण्यातले जड धातू अंगात ओढून घेते, धुतल्यानं ते जात नाहीत.

आता कमळ. नर्सरीत कमळ म्हणून कुमुदाचा कंद गळ्यात मारतात, म्हणून हे नीट वाचा. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ बरोबर मध्यभागी जोडलेला, आणि मोठं झालं की पान पाण्याच्या वर उभं राहतं. पाण्याचा थेंब त्यावर मोत्यासारखा पळतो. देठाला हात लावला तर खरखरीत. कुमुदाचं पान पाण्यावरच पडून राहतं आणि देठापासून काठापर्यंत त्याला चीर असते. कमळाच्या फुलातून झारीच्या तोंडासारखी बोंडी तयार होते, त्यात कमळगट्टे असतात. कुमुदात अशी बोंडी नाही. कुमुद वाईट आहे असं नाही, लहान टाक्यात तर तेच बरं शोभतं. पण पैसे कमळाचे द्यायचे आणि घ्यायचं कुमुद, हे कशाला?

कमळ बियापासून करायचं असेल तर कमळगट्टा एका टोकाला दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासा. आतला पांढरा भाग किंचित दिसला की थांबा. कोमट पाण्याच्या ग्लासात ठेवा, पाणी रोज बदला. बी चांगलं असेल तर आठवडाभरात हिरवा कोंब निघतो. आपली काळी चिकण माती याला एकदम योग्य, पण तिच्यात ताजं शेण मिसळू नका, कंद सडतो. पसरट टबात माती भरून वर चार बोटं पाणी, पुढं हळूहळू फूट-दीड फुटापर्यंत वाढवायचं. ऊन दिवसाला सहा तास तरी हवं. पहिली पानं तरंगणारीच येतात, म्हणून "हे तर कुमुद निघालं" असं घाईनं ठरवू नका. कंदापासून लावणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात. कागद टाकलेल्या तळ्यात कमळ थेट लावू नका, टबातच ठेवा. पाणकणीस, म्हणजे तपकिरी कणसाचं उंच गवत, तर कागदाच्या जवळही येऊ देऊ नका. त्याच्या जाड मुळ्या कागदात भोक पाडतात.

शिंगाडा हे खरं पिकाचं झाड. नागपुरात पावसाळा सरला की हातगाडीवर काळे उकडलेले शिंगाडे दिसतात, ते हेच. पानं चौकटच्या आकाराची, कडेनं दातेरी, पाण्यावर चक्रासारखी पसरतात. देठाला फुगा असतो, म्हणून दुरून कोणी जलपर्णी समजतो. पण पानाला दाते दिसले की शिंगाडा. तळाला चिखल आणि दोन-तीन फूट संथ पाणी लागतं. रोपं जून-जुलैत लावतात, फळं साधारण ऑक्टोबरपासून सुरू होऊन थंडीत संपतात. पानावर लहान भुंगेरे आणि अळ्या पडतात, पानाची चाळणी करतात. तळ्यात मासोळ्या असतील तर औषध मारायचं नाही, किडकी पानं हातानं खुडायची. कच्चा शिंगाडा दातानं सोलू नका. घाणपाण्यातल्या शिंगाड्याच्या सालीवर आतड्यातल्या कृमीची अवस्था चिकटलेली असू शकते. उकडून खा.

मोबाईलवर मखान्याचे व्हिडिओ पाहून बरेच जण विचारतात. मखाना हे मुख्यतः बिहारच्या मिथिलेतलं पीक, पानाला वरून-खालून काटे. रोप मिळण्याआधी विकत घेणारा कोण आणि लाह्या फोडणार कोण ते पाहा.

पाण्याखालची झाडं आपण "शेवाळ" म्हणून एकाच नावानं मोकळे होतो, तिथं खरं नुकसान होतं. हायड्रिलाच्या दांडीवर प्रत्येक गाठीला चार-पाच लहान पानं गोल बसलेली असतात. व्हॅलिस्नेरिया म्हणजे तळातून निघालेल्या लांब हिरव्या फिती. या झाडांत मासोळ्यांची पिल्लं लपतात, पाण्याला दिवसा प्राणवायू मिळतो. भंडारा-गोंदियातले ढीवर बांधव यांना वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, त्यांची तळ्याची जाण आपल्या कितीतरी पुढं आहे. तिकडं कोहळी समाजानं बांधलेले हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढीवरांच्या मच्छीमार संस्थांसोबत त्यातल्या काही तलावांवर काम केलं. आधी बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरड्या पात्राची नांगरट केली, मग हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या स्थानिक वनस्पती लावल्या. तिथं स्थानिक मासोळ्या वाढल्या आणि पक्षी परत आले. नुसतं गाळ काढून तळं खोल केलं की काम झालं, ही समजूत त्यातून खोटी ठरते.

मात्र चांगलं झाडही जास्त झालं की नडतं. रात्री झाडं प्राणवायू वापरतात. पहाटे मासोळ्या वर येऊन तोंड उघडत असतील तर समजा झाडी जास्त झाली. निम्मं तरी पाणी उघडं राहिलं पाहिजे. हायड्रिला फारच माजली तर गवत्या मासा सोडता येतो, तो ती खातो. पण नवीन लावलेलं कमळही सोडत नाही.

अझोला जनावरांसाठी करत असाल तर मासोळीच्या तळ्यात नको, वेगळा खड्डा करा. सव्वादोन मीटर लांब, दीड मीटर रुंद कागदाच्या खड्ड्यात दहा-पंधरा किलो चाळलेली माती, दोन किलो शेण, तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि चार इंच पाणी. त्यात किलोभर अझोला सोडला की दहा-पंधरा दिवसांनंतर रोज अर्धा किलो निघू शकतो. धुऊन ढेपेत मिसळून द्या. नागपूरच्या मे महिन्यात हिरव्या नेटशिवाय तो जगत नाही.

साचलेलं पाणी म्हटलं की डेंग्यू आलाच. अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. टाक्यात गप्पी मासे सोडा, ते आरोग्य विभागाकडून मिळू शकतात. आणि लहान लेकरं घरात असतील तर तळ्याला कुंपण आधी, झाड नंतर. कागदाच्या शेततळ्याची बाजू इतकी निसरडी असते की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला पाहिजे.

जलपर्णी आलीच असेल तर फूल येण्याआधी हातानं, मुळासकट काढा. बी चिखलात गेलं तर अनेक वर्षं उगवत राहतं. तणनाशक पाण्यात मारू नका, झाडं एकदम मरून सडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपून मासोळ्याही मरतात. काढलेला ढीग नाल्यात लोटू नका, खालच्या गावाच्या तळ्यात तोच पोचतो. पाण्यापासून दूर उन्हात पूर्ण वाळवा, मग शेणकाल्यासोबत खताच्या खड्ड्यात टाका.