तळटीप : रानातील कुरकुर आणि उपनगरातील आगेरा

येथे उल्लेखिलेली 'कुरकुर' म्हणजे मिसरच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांनी रानात आपला पुढारी मोशे याच्याविरुद्ध केलेली तक्रार होय. मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, रोज खाऊन कंटाळलेले हे लोक मिसरातल्या काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडले, असे बायबलमधील गणना या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे. चौदाव्या अध्यायात ते पुन्हा कुरकुर करतात, तेव्हा मोशेच्या रदबदलीमुळे देव त्यांना क्षमा करतो, पण कालेब व यहोशवा वगळता त्या पिढीला वचनदत्त देशात पाऊल ठेवू देत नाही. अपराध माफ झाला तरी त्याचे फळ चुकले नाही, हा बारकावा प्रवचनांतून बहुधा निसटतो. गाऱ्हाणे मात्र निषिद्ध नाही, कारण स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे थेट देवालाच जाब विचारतात. दोष आहे तो उपकार विसरण्यात. मुंबईची उपनगरे जिथे वसली त्या साष्टी बेटातील मूळच्या कॅथलिकांचा, म्हणजे ईस्ट इंडियन समाजाचा, 'आगेरा' हा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा सुगीचा सण याच उपकारस्मरणाचा असून, त्यात नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, त्यांवर धर्मगुरूंचा आशीर्वाद घेतात आणि मग त्या भाविकांत वाटतात. क्षमा आणि आभार यांची जोड उपासनेतही दिसते. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, एरवी पापांच्या कबुलीने व क्षमायाचनेने सुरू होतो. आभार त्यानंतर येतात. आगेऱ्यामागची भातशेती मात्र आटत गेली : अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झ हे निर्यातक्षेत्र स्थापन झाले आणि त्या परिसरातील भातखाचरे आता उरलेली नाहीत. तरीही उपनगरांतील गावठाणांत आगेरा आजही साजरा होतो.