ग्रीक व रोमन धर्मांतील देऊळ, पुरोहित आणि बलिदान

प्राचीन ग्रीक व रोमन लोकांच्या धर्माविषयीं आपल्या भाषेंत जें लिहिलें जातें त्यांत तीन शब्द वारंवार येतात: देऊळ, पुरोहित व बलिदान. हे शब्द परिचयाचे असल्यामुळें वाचक त्यांच्या मागें आपल्याच गांवचें देऊळ, आपलेच उपाध्याय व आपल्याच परंपरेंतील यज्ञयाग उभे करतो, आणि तेथेंच त्याची फसगत होते. त्या लोकांच्या व्यवहारांत या शब्दांचा नेमका अर्थ काय होता हें ठरविल्यावांचून, हजारांहून अधिक वर्षें टिकलेल्या या धर्माचा सार्वजनिक आचार इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस इतक्या लवकर बंद कां पडला, या प्रश्नाचें उत्तर मिळणार नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याच दृष्टीनें या तीन संस्थांचा विचार करणार आहों.

प्रथम देऊळ घेऊं. ग्रीक भाषेंत देवळास 'नाओस' म्हणत. त्याचा अर्थ राहण्याची जागा, म्हणजे देवाचें घर. तेथें देवाची मूर्ति असे व त्याला वाहिलेलें द्रव्य असे. समुदायानें आंत जमून उपासना करावी या हेतूनें तें बांधलेलें नसे. अथेन्सच्या गडावरील पार्थेनॉनचें काम इ. स. पू. ४४७ मध्यें सुरू झालें, आणि ४३८ मध्यें फिडियसनें घडविलेली सोन्याची व हस्तिदंताची अथीनेची मूर्ति तेथें स्थापन झाली. तथापि नगराची परंपरागत पूज्य मूर्ति ही नव्हे. ती ऑलिव्ह वृक्षाच्या लांकडाची असून गडाच्या उत्तर बाजूस निराळ्या देवळांत असे, आणि पॅनाथेनिया उत्सवांतील वस्त्र तिलाच अर्पण होई. उलट फिडियसच्या मूर्तीवरील सोन्याचा हिशेब थ्युसिडिडीसनें दिला आहे: वजन चाळीस टॅलंट, आणि सर्व सोनें काढून घेतां येण्याजोगें. युद्धांत अडचण पडल्यास तें वापरावें व मागाहून तितकेंच परत करावें असें पेरिक्लीसनें लोकांस सांगितलें होतें. देवाचें घर हा नगराचा खजिनाही होता, हें यावरून स्पष्ट होतें.

उपासनेचें खरें स्थान म्हणजे बाहेरची, उघड्यावरची वेदी. देवासाठीं राखून दिलेली जमीन व तिच्यावर वेदी एवढें असलें म्हणजे देवस्थान पुरें होई; देऊळ असलें तर उत्तम, नसलें तरी चाले. ऑलिंपिया येथील झ्यूसची वेदी दगडांची नसून बळी दिलेल्या पशूंच्या मांड्यांच्या राखेची होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत पॉसेनियसनें तिचें वर्णन लिहिलें, तेव्हां तिची उंची २२ फूट होती. दरवर्षी सांचलेली राख अल्फिअस नदीच्या पाण्यांत कालवून वेदीस लिंपीत. सिसिलींत सिराक्यूज येथें दुसऱ्या हिएरॉन राजानें इ. स. पू. तिसऱ्या शतकांत जवळजवळ २०० मीटर लांबीची वेदी बांधविली. पार्थेनॉनची लांबी सुमारें ७० मीटर आहे. धर्माचें केंद्र कोठें होतें, हें या मापांवरून समजतें.

वेदीवर होणारें बलिदान हें मुख्यतः सामुदायिक भोजन होतें. पशूस मिरवीत आणीत, त्याच्यावर पाणी शिंपडीत, जव टाकीत, कपाळावरचे चार केस कापून अग्नींत टाकीत आणि मग त्याचा वध करीत. देवाचा भाग म्हणजे चरबींत गुंडाळलेलीं मांड्यांचीं हाडें. त्यांचा धूर वर जाई. मांस मनुष्यांच्या वांट्यास येई. देवाला हाडें व माणसाला मांस ही विषम वांटणी ग्रीकांस स्वतःसही खटकली असावी, कारण प्रॉमिथ्यूसनें झ्यूसला वांटणींत फसविलें ही कथा हेसिअडनें तिच्या कारणासाठींच सांगितली आहे. अथेन्समधील शिलालेखांवरून या भोजनाचा राजकीय अर्थ उघड होतो. इ. स. पू. ४१०-०९ सालच्या हिशेबांत मोठ्या पॅनाथेनियांतील शंभर बैलांच्या बलिदानासाठीं ५,११४ द्राख्मा खर्ची पडले आहेत. चौथ्या शतकांतील एका ठरावांत मांस प्रत्येक गांवास, तेथून मिरवणुकीस आलेल्या लोकांच्या संख्येप्रमाणें वांटावें, असें आहे. बळींच्या कातड्यांच्या विक्रीचा पैसाही सरकारी जमेंत धरला जाई. ज्यास मांसाचा वांटा तो नगराचा मनुष्य, असा या सर्वांचा अर्थ आहे.

आतां पुरोहितांकडे वळूं. ग्रीसमध्यें पुरोहितांची जाति नव्हती, त्यांचें विद्यापीठ नव्हतें, आणि सर्व देवांस समाईक असा धर्मग्रंथही नव्हता. पुरोहित एका विशिष्ट देवाचा, एका विशिष्ट स्थानाचा असे. कांहीं ठिकाणीं अधिकार वंशपरंपरेचा होता. एल्यूसिस येथील गुह्यविधि यूमॉल्पिडी व केरिकीस या दोन घराण्यांकडे होते. पण इ. स. पू. पांचव्या शतकांत अथीना नायकीसाठीं पुजारीण नेमण्याचें ठरलें, तेव्हां सर्व अथेन्सकर स्त्रियांतून तिची निवड व्हावी, तिला सालीना पन्नास द्राख्मा व सार्वजनिक बळींचे पाय व कातडीं मिळावीं, असें लोकसभेनें दगडावर कोरून ठेविलें. आशियामायनरमधील एरिथ्री या नगरांत तर पुरोहितपदें लिलावानें विकलीं जात. राज्य करणें हें पौरोहित्याप्रमाणें कोणासही साधण्याजोगें काम आहे असें लोक समजतात, अशी तक्रार आयसोक्रेटीस करतो. तींतच पौरोहित्याविषयींचें लोकमत आलें.

रोममध्यें हाच प्रकार अधिक कायदेशीर रूपांत दिसतो. 'टेंप्लम' म्हणजे इमारत नव्हे; शकुन पाहणाऱ्या ऑगर पुरोहितांनीं विधिपूर्वक आंखून दिलेली जागा. सीनेटचें सभागृह टेंप्लम होतें, आणि वेस्टेचें सुप्रसिद्ध देऊळ टेंप्लम नव्हतें. पुरोहित हे बहुधा तेच लोक, जे सीनेटमध्यें बसत व सैन्य चालवीत. इ. स. पू. ३०० च्या ओगुल्नियन कायद्यानें पाँटिफ व ऑगर यांच्या मंडळांत प्लेबियन लोकांस प्रवेश मिळाला. १०४ च्या डोमिशियन कायद्यानें या जागा लोकांच्या मतांवर आल्या. ज्यूलियस सीझर ६३ मध्यें मतांनींच मुख्य पाँटिफ झाला. सिसरो ऑगर होता, आणि शकुनविद्येवर सडेतोड शंका घेणारा ग्रंथही त्यानेंच लिहिला. यांत कोणास विसंगति वाटली नाहीं. ज्युपिटरचा विशेष पुरोहित 'फ्लामेन डायालिस' यावर इतके निर्बंध होते कीं त्यास घोड्यावर बसतां येत नसे व सज्ज सैन्याकडे पाहतां येत नसे. इ. स. पू. ८७ मध्यें ही जागा रिकामी झाली ती ११ पर्यंत तशीच राहिली. मधल्या काळांत विधि पाँटिफांनीं चालविले. पुरोहित नसला तरी चालेल, विधि चुकतां कामा नये, हें रोमन धोरण होतें.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेविल्या म्हणजे या धर्माचें बळ व त्याचें मर्मस्थान हीं दोन्ही एकाच जागीं सांपडतात. देव नगराचे, पुरोहित नगराचे अधिकारी, बळी नगराच्या पैशाचे, व प्रसाद नागरिकांचा. जोंपर्यंत नगर जिवंत व त्याचा हात मोकळा होता, तोंपर्यंत या धर्मास वेगळ्या संघटनेची गरजच पडली नाहीं.

ती गरज ज्यूलियन बादशहास कळली. इ. स. ३६२ मध्यें तो अँटिओकजवळ डाफ्नी येथें अपोलोच्या वार्षिक उत्सवास मोठ्या आशेनें गेला. मिरवणूक, बळी, धूप यांपैकीं कांहींच तेथें नव्हतें. नगरानें काय आणलें असें विचारतां पुरोहितानें सांगितलें कीं, नगरानें कांहीं दिलें नाहीं, आपण घरून एक हंस आणला आहे. ही हकीकत ज्यूलियननें स्वतःच लिहून ठेविली आहे. त्यानें प्रांतोप्रांतीं मुख्य पुरोहित नेमले, त्यांस आचारनियम घालून दिले, गरिबांसाठीं धान्य व धर्मशाळा यांची व्यवस्था करण्यास सांगितलें; म्हणजे ख्रिस्ती संघाचाच सांगाडा जुन्या धर्मास देण्याचा यत्न केला. पण ३६३ मध्यें तो युद्धांत मारला गेला.

त्यापूर्वीं कॉन्स्टँटियसनें बलिदानाविरुद्ध आज्ञा काढल्या होत्या. परंतु खरा घाव ३८२ मध्यें बसला. त्या वर्षीं ग्रेशियन बादशहानें रोममधील विधींचा सरकारी खर्च व वेस्टेच्या कुमारिकांचीं वर्षासनें बंद केलीं, आणि सभागृहांतील विजयदेवतेची वेदी काढविली. ३८४ मध्यें नगराधिपति सिम्माकस यानें वेदीबरोबर वर्षासनेंही परत मागितलीं. त्यावर मिलानचा बिशप अँब्रोज याचें उत्तर मर्मभेदी होतें: आमचा धर्म छळांत व दारिद्र्यांत वाढला, तुमचा मात्र सरकारी पैशाशिवाय चालूं शकत नाहीं. पुढें ३९१ व ३९२ मधील थिओडोशियसच्या कायद्यांनीं बलिदान, देवळांत जाणें, व शेवटीं घरांतील कुलदेवतांपुढें धूप जाळणें हेंही दंडनीय ठरलें.

अँब्रोजच्या उत्तरावरून पुष्कळांनीं असा निष्कर्ष काढला आहे कीं, जुना धर्म आंतून कधींच मेला होता व केवळ पैशानें उभा होता. आम्हांस हें मत मान्य नाहीं. झोसिमस नांवाच्या जुन्या धर्माच्या इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, थिओडोशियसनें खर्च नाकारला तेव्हां सीनेटच्या सभासदांनीं सांगितलें कीं सार्वजनिक द्रव्यांतून न झालेला विधि यथासांग होतच नाहीं. तो प्रसंग घडला कीं नाहीं याविषयीं वाद आहे. पण तो विचार रोमन परंपरेस धरूनच आहे. त्या सभासदांपैकीं कित्येक अतिशय श्रीमंत होते. शंभर बैल त्यांस सहज परवडले असते. त्यांनीं मागितला तो पैसा नव्हे, राज्याचें यजमानपद. यजमान उठून गेल्यावर पाहुण्यांनीं आपापल्या खर्चानें केलेलें भोजन तोच विधि ठरत नाहीं. श्रद्धा घरोघर व खेडोपाडीं पुढेंही पुष्कळ काळ राहिली. मेलें तें यजमानपद. आणि त्याच्याबरोबर वेदी थंड झाली, पुरोहिताचा अधिकार संपला, व देवाचें घर केवळ घर उरलें. म्हणूनच ६०९ मध्यें रोममधील पँथिऑन व मागेंपुढें पार्थेनॉनही चर्च होऊं शकलें: ज्या इमारतींत समुदाय पूर्वीं कधीं उपासनेस जमत नव्हता, तींत तो आतां प्रथमच जमूं लागला.