कापूस, बराक आणि दगडी हत्ती

भायखळ्याच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतले सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय. युद्ध, धर्म आणि उद्योग यांचा इतिहास बहुतेक संग्रहालयांत वेगवेगळ्या दालनांत लावलेला असतो. तलवारी एकीकडे, मूर्ती दुसरीकडे, कापडाचे नमुने तिसरीकडे. या वास्तूत मात्र तिन्हींची गाठ इतकी घट्ट आहे की एक धागा ओढला की उरलेले दोन हातात येतात. त्यासाठी आतल्या वस्तूंइतकेच खुद्द इमारतीकडे, तिच्या नावाकडे आणि तिच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या दगडी हत्तीकडे पाहावे लागते.

या संग्रहालयाचा उगम लंडनमध्ये आहे. 1851 साली तिथल्या हाइड पार्कमध्ये काचेचा प्रचंड महाल उभारून जगभरच्या मालाचे प्रदर्शन भरवले गेले. सहा महिन्यांच्या आत साठ लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या दालनात हिंदुस्थानातला कापूस, नीळ, मलमल, कोरीव लाकूड, हत्यारे असा पसारा मांडला होता. याच प्रदर्शनात कोहिनूरही ठेवला होता. शिखांशी झालेल्या दुसऱ्या युद्धानंतर, 1849 च्या लाहोरच्या तहात, तो इंग्रजांनी एका अल्पवयीन महाराजाकडून घेतला होता. उद्योगाच्या जत्रेत सर्वांत मोठी गर्दी खेचणारी वस्तू ही लढाईतली लूट होती. त्या प्रदर्शनाचे स्वरूप समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरते.

पुढचे मोठे प्रदर्शन 1855 साली पॅरिसला भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून माल गोळा करताना प्रत्येक वस्तूचा एकेक जादा नमुना इथे ठेवावा, असे ठरले. त्या नमुन्यांतून मुंबईचे सरकारी संग्रहालय जन्माला आले. त्यात कलाकुसर होती, पण हेतू व्यापाराचा होता. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या जातीचा कापूस पिकतो, कुठले लाकूड जहाजाला चालते, कुठला रंग पक्का बसतो, हे व्यापाऱ्याला एका छपराखाली कळावे म्हणून ही मांडणी. तेव्हाचे दिवसही तसेच होते. 1853 च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली होती. 1853 सालीच निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, तो हैदराबादच्या फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या कर्जाच्या बदल्यात. फौजेच्या कर्जाने इंग्रजांना काळ्या मातीचा मुलूख मिळवून दिला आणि त्या मातीतला कापूस पुढे मुंबईच्या बंदरात येऊन पडू लागला.

संग्रहालयाला पहिली जागा मिळाली ती फोर्टमधल्या लष्करी बराकीत. 1857 साली उत्तरेत बंडाचा वणवा पेटला, मुंबईत गोऱ्या पलटणींसाठी जागा हवी झाली आणि बराक ताबडतोब रिकामी करण्याचा हुकूम सुटला. सारा संग्रह घाईघाईने टाउन हॉलमध्ये हलवला गेला. मातीची भांडी, नमुन्यांच्या बरण्या, नाजूक कोरीवकाम यांचे अशा धावपळीत जे व्हायचे तेच झाले. बराच माल फुटला, विस्कटला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आज आझाद मैदान म्हणतात त्या जागी, दोन देशी शिपायांना तोफेच्या तोंडी दिले गेले. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्यासारख्या शहराच्या मान्यवर पुढाऱ्यावरही बंडवाल्यांना सामील असल्याचा संशय घेतला गेला. चौकशीत त्यात काही तथ्य निघाले नाही.

एका वर्षात चित्र पालटले. कंपनीचे राज्य जाऊन 1858 च्या नोव्हेंबरात राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. त्यानंतर मुंबईकरांनी सभा भरवून राणीच्या नावाने संग्रहालय आणि बाग उभारायचे ठरवले. समितीचे अध्यक्ष झाले तेच जगन्नाथ शंकरशेट. चिटणीस म्हणून डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी यांनी काम पाहिले. या निष्ठेच्या प्रदर्शनामागे भीती किती आणि विश्वास किती, याचे माप आज काढता येत नाही. पण ज्या माणसावर वर्षभरापूर्वी संशय घेतला गेला, त्याने राणीच्या नावाची संस्था उभी करायला पुढे व्हावे, यातली अवघड परिस्थिती समजून घेतली पाहिजे. शाळा, कॉलेजे, आगगाडी, संग्रहालय या गोष्टी शहराला मिळवायच्या तर त्या काळी वाट सरकारदरबारातूनच जात होती आणि नाना शंकरशेटांनी ती डोळसपणे धरली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव मुंबईच्या संग्रहालयाने घेतले ते लंडनच्या आधी. लंडनच्या संग्रहालयाला ते नाव मिळाले 1899 साली.

1862 च्या नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत भायखळ्याला पायाभरणी झाली. तेव्हा मुंबईत पैशाला तोटा नव्हता आणि त्याचे कारण हजारो मैलांवरची लढाई होती. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. मग खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेल्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांवर सारे शहर तुटून पडले. न भरलेल्या जमिनीचे शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जात होते. 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती खबर मुंबईला पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचे मोठे सौदे 1 जुलैला पुरे व्हायचे होते. त्या दिवशी देणे द्यायला कोणाकडे काही उरले नव्हते. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा या घसरणीतून सावरली नाही. त्याच महिन्याच्या 31 तारखेला नाना शंकरशेट वारले.

भायखळ्याची इमारत अर्धवट उभी राहिली. वर्गणीदारांचेच दिवाळे निघाल्यावर पैसा कोण देणार? भाऊ दाजींनाही या पडझडीचा जबर फटका बसला. शेवटी सरकारने खर्च उचलला आणि 2 मे 1872 रोजी संग्रहालयाचे दार लोकांसाठी उघडले. पायाभरणीपासून जवळपास दहा वर्षे लागली. या इमारतीचे ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे, जमिनीवरच्या नक्षीदार फरशा पाहताना आठवावे की हे सारे अमेरिकेतल्या गुलामीच्या प्रश्नावर पेटलेल्या युद्धाने दिलेल्या पैशावर सुरू झाले आणि ते युद्ध संपल्यामुळेच अडले.

मधल्या दालनात राणीचा पती राजपुत्र अल्बर्ट याचा संगमरवरी पुतळा आहे. शिल्पकार मॅथ्यू नोबल, देणगीदार डेव्हिड ससून. पुतळ्याखालच्या चौथऱ्यावर हिब्रू लेख कोरलेला आहे. प्रॉटेस्टंट राजपुत्राच्या पायाशी हिब्रू अक्षरे, हे दृश्य मुंबईतच शोभते. ससून बगदादचे यहुदी. तिथल्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून ते निघाले आणि 1832 च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. पुण्यामुंबईत त्यांनी सिनेगॉग बांधले, दवाखाने आणि शाळांना हात दिला. ही दानत खरी होती. मात्र त्या दौलतीचा मोठा हिस्सा चीनला जाणाऱ्या अफूचा होता आणि अफूची ती बाजारपेठ इंग्रजांनी दोन युद्धे लढून उघडी ठेवली होती, हेही तितकेच खरे. पुतळ्यापाशी उभे राहणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवायला हव्यात. एकीने दुसरी पुसली जात नाही.

धर्माची खूण मात्र दाराबाहेर आहे. एकाच काळ्या खडकात कोरलेला, माणसाहून उंच असा हत्ती बागेत उभा आहे. त्याचे मूळ ठिकाण घारापुरी. 1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, त्यात हे बेट होते. धक्क्याजवळचा हा हत्ती पाहून त्यांनी बेटाचे नाव हत्तीवरून पाडले आणि आजही जगभर ते बेट एलिफंटा म्हणूनच ओळखले जाते. लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला. तो पुढे कुठे गेला ते कळले नाही. तो असता तर लेणे कोणी कोरवले हा वाद कदाचित उरला नसता. सहाव्या शतकातल्या त्या सदाशिवाच्या भव्य मूर्तीसमोर आजही माणूस गप्प होतो. पण ती कोणी घडवली हे सांगणारा बहुधा एकुलता एक कागद, तोही दगडाचा, परक्या सत्तेने उचलून नेला. शिल्पांच्या मोडतोडीइतकेच हे नुकसान मोठे आहे.

हत्तीची मान आणि डोके 1814 साली तुटून पडले. पुढे धडही ढासळले. 1864 साली, म्हणजे कापसाच्या तेजीच्या ऐन भरात, त्याचे तुकडे मुंबईत बागेत आणले गेले. तो विलायतेला न्यायचा घाट होता आणि उचलताना यारी तुटली, असे सांगितले जाते. कसेही असो, पन्नास वर्षे ते दगड तसेच पडून होते. 1914 च्या सुमारास ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. अंगावरचे सांधे जवळून स्पष्ट दिसतात. घारापुरीचा हत्ती आता भायखळ्याला आहे आणि घारापुरीला फक्त त्याचे नाव आहे.

डॉ. भाऊ दाजी यांचे नाव या संग्रहालयाला शोभते, ते या अर्थाने की दगड वाचायचे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. गोव्यातल्या मांद्रे गावचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाला, गरिबांना फुकट औषध देत राहिला आणि उरलेल्या वेळात अजिंठ्यासारख्या लेण्यांतले शिलालेख लावत बसला. त्यांच्या हाताखाली जुनागढचे भगवानलाल इंद्रजी तयार झाले. भाऊ 1874 साली वारले. आठ वर्षांनी भगवानलालांनी नालासोपाऱ्याला, गावकरी ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो ढिगारा खणला आणि आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत करंडकात करंडक होते. तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आतला सोन्याचा. त्यात मातीच्या भांड्याचे चिमूटभर तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. हा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे टाउन हॉलमध्ये गेला, जिथे 1857 साली बराकीतला संग्रह येऊन पडला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांनी या संग्रहालयात मातीच्या बाहुल्या आणि देखावे मांडले. निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख आणि पगड्या, कारागिरांचे धंदे, पारशांच्या दख्म्याची प्रतिकृती असे बरेच काही त्यात आहे. कुंभार, विणकर, सोनार आपापल्या कामाशी बसलेले दिसतात. कौशल्य वादातीत आहे. पण माणसांना जातवार नग म्हणून कपाटात लावण्याची इंग्रजी राजवटीची खोड त्यात उतरली आहे. बाहुल्यांतला विणकर हातमागावर बसलेला असताना कपाटाबाहेर, भायखळ्यापासून लालबाग-परळपर्यंत, हजारो कामगार यंत्रमागांच्या खडखडाटात उभे होते. कोकणातून आणि घाटावरून आलेली ती माणसे सुटीच्या दिवशी पोरांना घेऊन राणीच्या बागेत येत, तेव्हा कपाटात त्यांना गावाकडचा माणूस दिसे. खुद्द त्यांचे आयुष्य, चाळ, साचा, भोंगा, आत कुठे नव्हते. गिरणगावाचा इतिहास कपाटांपेक्षा वस्तीतल्या माणसांनीच अधिक जपला, हे नमूद केले पाहिजे.

मुंबईत दुसरे मोठे संग्रहालय उभे राहिले तेही युद्धाच्या तावडीत सापडले. 1905 साली पायाभरणी झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ झाली आणि संग्रहालय म्हणून ती उघडली 1922 साली. सत्तावन्नमध्ये शिपायांसाठी वस्तू बाहेर निघाल्या होत्या. या खेपेला वस्तू येण्याआधीच जखमी शिपाई येऊन निजले.

भायखळ्याच्या संग्रहालयाला 1975 साली भाऊ दाजींचे नाव दिले गेले. त्याआधी 1965 साली काळ्या घोड्यावरचा सातव्या एडवर्डचा पुतळा फोर्टातून उचलून याच आवारात आणला होता. इमारत मात्र दिवसेंदिवस खंगत गेली. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. त्याला 2005 साली युनेस्कोचा सर्वोच्च वारसा-पुरस्कार मिळाला आणि 2008 च्या जानेवारीत दार पुन्हा उघडले. जाणाऱ्याने आत शिरण्याआधी हत्तीभोवती एक फेरी मारावी आणि त्याचे सांधे जवळून पाहावेत.