निवडुंगाच्या माळावरील वाडी

कारखान्यातील रीतिभात कामगाराच्या घरात आणि गावात कितपत उतरते, या प्रश्नाचा विचार करताना किर्लोस्करवाडीचा इतिहास मराठी वाचकाने पुन्हा चाळून पाहण्याजोगा आहे.

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ देऊ केला आणि १९१० साली तेथे लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहू लागला. माळ कसला, निवडुंगाचे आणि सापांचे रानच ते! ते तोडून, झाडे लावून तेथे वसाहत वसविण्यात आली. वसाहतीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा पाहत. पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली आणि वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक घातला. असा उपदेश सभांतून करणारे त्या काळी पुष्कळ होते. पगाराच्या आणि शेजाराच्या व्यवहारात तो उतरविणारे थोडे. ज्याच्याशेजारी दिवसभर भट्टीवर राबावयाचे त्याचा विटाळ घरी गेल्यावर मानणे, हे कोणालाही अवघडच गेले असेल.

या वातावरणातूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे रूढींवर आणि बुवाबाजीवर कोरडे ओढू लागले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्मली. परप्रांतात वाढलेल्या आपल्यापैकी काहींना या मासिकांच्या आजीने जपलेल्या फायली आठवत असतील.

२०१३ च्या कायद्यानुसार आज ठरावीक कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्या रकमेचा हिशेब ठेवता येतो. शिक्षा भोगलेल्या माणसावर टाकलेला विश्वास मात्र कोणत्या सदरात मांडावा?

तथापि, वाडीचे नुसते गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथील शिस्त मालकाच्या नैतिक अधिकारावर उभी होती आणि तो अधिकार कुंपणापाशी संपत होता. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या ब्राह्मणविरोधी दंगलीत याच कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माळावर जातिभेद मोडला गेला, तेथेच जातीच्या नावाने जाळपोळ व्हावी, हे मनाला लागते. अडतीस वर्षांत वाडीने आसपासच्या गावांना नांगर दिले, रोजगार दिला. पण आपल्या पंक्तीला त्यांना कितपत बसविले, हे वाडीच्या चरित्रकारांनी अधिक खोलात जाऊन तपासावयास हवे होते.

आगीनंतर कारखाना पुन्हा उभारला गेला. तो आजही तेथेच असून तेथे पंप तयार होतात.