व्यत्यय संकेत, संगणकातील
संगणकाचा प्रक्रियक एक काम करीत असता बाह्य उपकरणाने त्याचे लक्ष वेधण्यासाठी पाठविलेल्या विद्युत् संकेतास व्यत्यय संकेत अथवा इंटरप्ट म्हणतात. तो मिळताच चालू आज्ञावली थांबते, रजिस्टरांतील आशय जपून ठेवला जातो, उपकरणाचे काम उरकले जाते व मूळ आज्ञावली थांबली तेथून पुढे सुरू होते.

प्रारंभीच्या संगणकांत उपकरण तयार आहे की नाही हे आज्ञावलीलाच वारंवार पाहावे लागे व प्रक्रियकाचा पुष्कळसा वेळ वाट पाहण्यात जाई. अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌सच्या डिसेक (१९५४) या संगणकात आदान-प्रदानासाठी व्यत्ययाची सोय होती. मात्र तिच्यामुळे उद्‌भवणाऱ्या दोषशोधनाच्या प्रश्नाचा मूलगामी विचार नेदरलँड्समध्ये झाला.

ॲम्स्टरडॅम येथे ब्राम लोपस्ट्रा व कारेल स्खोल्टेन यांनी एक्स-१ या संगणकाचा आराखडा केला, तेव्हा त्यातील व्यत्ययाची कल्पना एड्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांना प्रथम मान्य नव्हती. त्यांचा आक्षेप रास्तच होता. तोपर्यंत तीच आज्ञावली व तीच आदाने दिली की यंत्राचे वर्तनही तेच असे. चूक पुन्हा घडवून आणून शोधता येई. व्यत्यय नेमका कोणत्या दोन आज्ञांच्या मध्ये येईल हे मात्र सांगता येत नाही. परिणामी आज्ञावलीतील चूक क्वचितच प्रकट होते व यंत्रच अधूनमधून बिघडते, असा भास होतो. अखेर डाइक्स्ट्रा यांनीच एक्स-१ ची व्यत्यय हाताळणारी आज्ञावली लिहिली. १९५९ मधील त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावर आहे.

आइंटहोव्हेन येथील तांत्रिक विद्यापीठात एक्स-८ संगणकासाठी प्रणाली रचताना (वर्णन प्रसिद्ध १९६८) या कटू अनुभवाचा उपयोग झाला. प्रणालीचे थर पाडून कालमापकाचा व्यत्यय सर्वांत खालच्या थरातच बंदिस्त केला गेला. वरच्या थरांना त्याचा स्पर्शही होत नसे. एका थराची पूर्ण परीक्षा झाल्यावरच पुढचा रचला जाई. चाचणीत सुमारे ५०० आज्ञांमागे एक याप्रमाणे केवळ किरकोळ चुका आढळल्या व प्रत्येक दहा मिनिटांच्या आत सापडली. चुका शोधण्यापेक्षा त्यांना शिरकावच न देण्याचा हा मार्ग होता.

एकाच चकतीवर प्रक्रियक, स्मृती व कालमापक सामावणाऱ्या सूक्ष्मनियंत्रकांबरोबर हा प्रश्न सामान्य अभियंत्यापर्यंत पोहोचला. इंटेलच्या ८०५१ (१९८०) मध्ये व्यत्ययाचे पाच स्रोत व १६ बिटांचे दोन कालमापक होते. कालमापकाचे मूल्य आठ-आठ बिटांच्या दोन रजिस्टरांतून वाचावे लागे. गणना २५५ असताना वरचा भाग शून्य वाचला व तेवढ्यात ती २५६ झाली, तर खालचा भागही शून्य मिळतो आणि मूल्य शून्य ठरते! दोन वाचनांमध्ये व्यत्यय आल्यास हा धोका वाढतो. तपासासाठी प्रक्रियक मध्येच थांबविला, तर घटनांचे कालसंबंध बदलून चूक बहुधा लपते. म्हणून वरचा भाग पुन्हा वाचतात व तो बदललेला आढळल्यास संपूर्ण वाचन नव्याने करतात.